कडी बाहेरून

"कडी आतून घेऊ का बाहेरून?" विपुलने विचारलं, आणि केसरच्या हातातला साखरेचा चमचा पातेल्यावर तसाच राहिला. विचारणाऱ्याने वर पाहिलंही नव्हतं. तो उंबरठ्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. टेपची पिवळी पट्टी चौकटीला लावलेली, कानावर पेन्सिल, आणि मापं लिहायला कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. चाळिशी ओलांडलेला, बोलायला मोकळा माणूस. बाजारपेठेच्या मागे त्याचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान होतं आणि मुरुडातल्या निम्म्या लॉजना त्याच्याच जाळ्या होत्या. फोनवर केसरने त्याला एवढंच सांगितलं होतं की, दाराला डासांची जाळी बसवायची आहे, येऊन माप घेऊन जा. त्यात खोटं काही नव्हतं. इमारतीच्या मागे नारळाची वाडी, वाडीच्या पाटात तुंबलेलं पाणी, आणि ऑक्टोबर लागला की दिवेलागणीला तळमजल्यावर डासांचा नुसता धूर उठायचा. वरच्या मजल्यावरच्या विनिताला तिने हेच सांगितलं होतं, ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या कल्पितालाही हेच. "फार डास झालेत गं." इतक्या जणांना सांगून झाल्यावर तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं, आणि आज सकाळी दार पुसून काढताना तर ती मनाशी म्हणालीसुद्धा, बरं झालं, आता संध्याकाळी दार उघडं टाकून बसता येईल. आणि आता या माणसाने, मान खाली घालून, सवयीने, दहा घरी विचारतो तसं विचारलं होतं. डासांना कडीशी काय करायचं होतं?

"सांगते," ती म्हणाली, आणि गॅस बारीक केला.

तिचे यजमान धर्माजी खुर्चीत बसून टेपकडे बघत होते. अंगात खाकी शर्ट. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना दुसरा शर्ट घालायचा म्हटलं की अर्धा तास जायचा, म्हणून केसरने सणाला घेतलेले सगळे शर्ट ट्रंकेत घालून टाकले होते आणि दोन खाकी शर्ट आलटून पालटून धुवायची. एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी तिला मुंबई दाखवायला नेलं ते स्वतःच्याच गाडीने. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर ती नवी साडी सावरत बसली होती, आणि पाच तास त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. "गाडीवर असताना मागं बघायचं नस्तं," असं नंतर म्हणाले. पण त्या पाच तासांत केसरने त्यांची मान पाठ केली. मानेवरून उतरणारी घामाची रेघ, कॉलरची झिजलेली कड, डाव्या कानामागचा तीळ, वळणावर खांद्याखाली हलणारं ते एक हाड. तोंडाकडे बघायची तिला अजून लाज वाटायची आणि मानेची ओळख मात्र होऊन गेली होती. पुढे दोन मुलं झाली, भांडणं झाली, त्यांच्या आईचं आजारपण झालं, पण माणूस म्हणून आठवायचं झालं की तिला आधी मान आठवायची. हल्ली त्या मानेवरचे केस तीच कापायची. कात्री लागू नये म्हणून बोटाने कान दुमडून धरला की ते म्हणायचे, "किती वेळ लागंल बाई? मला डूटी हाय." आणि केसर म्हणायची, "झालंच." बाई म्हटल्याचं पहिल्यांदा लागलं होतं. आता कानावरून जायचं.

तसं अचानक काहीच झालं नव्हतं. चावी फ्रीजमध्ये सापडली तेव्हा दोघं हसली होती. मग एकदा ते अंघोळ करून आले आणि पुन्हा अंघोळीला गेले. अलिबागच्या डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर त्यांनी गोल काढला आणि त्याच्यात स्टिअरिंगचे दांडे काढले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हे थांबणार नाही, हळू जाईल एवढं बघू. त्या वाक्यावर केसर दोन वर्षं चालली. ऑगस्टमध्ये एक दिवस ऑफिसात कल्पिताने तिचा खांदा हलवला. "ताई, तुमच्या मिस्टरांना स्टँडवर... तुम्ही जरा चला." केसर चपला अडकवून धावली. स्टँडवर मुंबईची गाडी उभी होती आणि धर्माजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. खाकी शर्ट बघून माणसं बिनदिक्कत चढली होती. गाडी गच्च भरलेली. पाऊण तास ते तसे बसून होते आणि कुणी विचारलं, मामा, कधी सुटणार, की "टायमावर" म्हणत होते. खरा ड्रायव्हर चहा पिऊन आला तेव्हा प्रकार कळला. कुणी रागावलं नाही. चार जण नुसते खाली उभे राहून "उतरा ना मामा" म्हणत होते, एकाने वर चढून त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, पण स्टिअरिंगवरची पकड काही सुटेना. केसर खिडकीखाली उभी राहून हाका मारत होती. "अहो, घरी चला. अहो, मी आलेय." ते समोर, काचेतून, रस्त्याकडे बघत होते. गाडीवर असताना मागं बघायचं नसतं. मग रंगू आला. त्यांच्याबरोबर अकरा वर्षं कंडक्टर असलेला रंगू. मागच्या दाराने चढला, दोरी धरली आणि घंटीचा एक ठोका दिला. एकच, थांबायचा. धर्माजींनी पाय ब्रेकवर दाबला, गिअर मोकळा केला, हँडब्रेक ओढला, आणि शहाण्यासारखे खाली उतरले. केसरला तेव्हा लाज वाटायला हवी होती, सगळं गाव बघत होतं. पण तिला वाटला तो मत्सर. त्या घंटीचा. चौतीस वर्षांच्या संसारात आपल्यापाशी असा एकही आवाज नाही, जो ऐकून हा माणूस थांबेल.

"मॅडम, चौकट ओळंब्यात नाय तुमची," विपुल म्हणाला. "वरती सव्वातेहतीस येतंय आणि खाली पावणेचौतीस. मध्ये अजून वेगळंच. बिल्डरने कायतरीच बसवलंय. काका, जरा हे टोक धरणार? हां, इथं, कोपऱ्यात. दाबून."

धर्माजी लगेच उठले. केसर पुढे होणार होती, पण तेवढ्यात त्यांनी टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलंही होतं. पाय किंचित फाकवून, खांदे सरळ करून ते उभे राहिले. "बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"एकदम फिट्ट."

"आता खाली घ्या. मी वरचं सोडत न्हाय."

"नका सोडू."

माप तीनदा घेतलं. दरवेळी धर्माजी टोक धरायला पुढे. कपाळावर आठी, ओठ घट्ट मिटलेले, मोठ्या घाटात गाडी घातल्यासारखे. कितीतरी महिन्यांनी त्यांना कुणीतरी कामाला लावलं होतं. विपुल आकडे मोठ्याने म्हणायचा आणि धर्माजी मागून तेच आकडे म्हणायचे, "पावणेचौतीस. लिवा, पावणेचौतीस," आणि केसर ओट्याला पाठ लावून बघत होती. तिला वाटलं, जाऊन हातातली पट्टी काढून घ्यावी. कशाला धरताय तुम्ही, ठाऊक आहे का तुम्हाला कशाचं माप आहे ते? पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तिने पदराने कपाळ पुसलं आणि कप खाली मांडले.

सप्टेंबरमध्ये ते काशीदच्या रस्त्याला सापडले होते. भर दुपारी, अनवाणी, रस्त्याच्या मधोमध. मुंबईहून आलेल्या गाड्या हॉर्न वाजवत दोन्ही बाजूंनी जात होत्या आणि हे आपल्या चालीने चालले होते. एका नारळवाल्याने ओळखून रिक्षात घातलं. तळपायांना नाण्याएवढाले फोड. केसर खाली बसून मलम लावत होती तेव्हा त्यांनी तिच्या केसांच्या भांगाकडे बघत मायेने विचारलं, "तुमी दवाखान्यातल्या का?" ती हो म्हणाली. त्या दिवसापासून ती बाईच झाली. तिने रजा टाकली, रजा संपली. मोहल्ल्याच्या पलीकडे राहणारी भिमाबाई दिवसा त्यांच्यापाशी बसायला यायला लागली. चांगली होती, त्यांच्याशी गप्पा मारायची. पण नवव्या दिवशी त्यांनी तिला न्हाणीत ढकललं. परकी बाई अंगाला हात लावते म्हणून. भिमाबाई लंगडत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी, आता येत नाही, असा तिचा निरोप आला. मग एक दिवस, एकच दिवस, केसरने लाकडी दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि ऑफिसला गेली. संध्याकाळी दार उघडलं तर ते दाराला चिकटून अंधारात उभे होते. कपडे ओले. दाराच्या आतल्या बाजूचा रंग नखांनी काढलेला. विनिता वरून म्हणाली, "दुपारभर वाजवत होते हो. आम्हाला वाटलं तुम्ही आहात घरात." त्या रात्री तिने उलव्याला प्रथमेशला फोन केला. थोरला तो. त्यानेच जाळीचं काढलं. "आई, जाळीचं दार कर. हवा येईल, उजेड येईल, येणारी-जाणारी माणसं दिसतील. कोंडल्यासारखं वाटणार नाही त्यांना." पुढे म्हणाला, "आणि तुलाही." शेवटचे दोन शब्द त्याने म्हटले होते की आपल्याला वाटलं, ते तिला नंतर नीटसं आठवेना. दार होईपर्यंत तिला बिनपगारी रजा मिळाली, पण तिच्या निवृत्तीला अजून चौदा महिने होते. चौदा महिने म्हणजे किती सकाळी, हे तिने मोजायचं टाळलं होतं.

चहा पिताना धर्माजी विपुलच्या शेजारी, जमिनीवरच बसले. बशीत ओतून दोन घोट घेतले. मग अंग त्याच्याकडे झुकवून, आवाज खाली आणून, पण केसरला स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? ही बाई चांगली हाय. येळेवर जेवू घालते, औषद देते. पन घरी न्हाय सोडत. माजी मान्सं वाट बगत आसतील."

विपुलने कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याने केसरकडे नीट पाहिलं, मग भिंतीकडे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली लग्नातला फोटो. फोटोत काळा कोट घातलेले धर्माजी आणि शेजारी डोळे खाली घातलेली ती. त्याची नजर फोटोवरून तिच्यावर आली आणि परत खाली गेली. केसरला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. काहीही. अरेरे म्हणेल, किंवा उठून जाईल, मला हे काम जमायचं नाही म्हणेल. तो तसं म्हणाला असता तर तिने वाद घातला नसता. तिला आत कुठेतरी अशी विचित्र आशा होती की, हा परका माणूस आपल्याला अडवेल, आणि मग दुसरं काय करायचं याचा विचार तिथून सुरू होईल.

"बाहेरून," ती म्हणाली. "कडी बाहेरून."

"काका आत असताना?"

"हो. दहा ते सहा."

विपुलने पेन्सिल काढली आणि लग्नपत्रिकेवर लिहिलं. लिहिता लिहिताच म्हणाला, "मग ही साधी जाळी नको, मॅडम. साधी बोटाने फाटते. स्टीलची देतो. आणि खाली दीड फूट पत्रा मारू, लाथ बसली तरी वाकायला नको. बिजागऱ्या तीन." पेन्सिल परत कानावर अडकवत म्हणाला, "टेन्शन घेऊ नका. गावात अशी ही तिसरी आहे माझी."

तिसरी. त्याने धीर द्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या दोन दारांमागे कोण असेल याचा केसर नंतर किती दिवस विचार करत राहिली. बाजारातून जाताना तिची नजर लोकांच्या दारांवरून फिरायची. सगळीकडेच जाळ्या होत्या. सगळीकडेच डास होते.

नऊ दिवसांनी, रविवारी, विपुल दार घेऊन आला. तासाभरात काम झालं. चौकटीची फट त्याने पट्टी मारून बुजवली, कडीला तेल लावलं, चारदा उघडून मिटून दाखवलं. "बोटानं सरकते बघा." धर्माजींनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी जाळीला कान लावला, टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, "मजबूत हाय." त्या संध्याकाळी केसरने खरंच लाकडी दार सताड उघडं टाकलं आणि जाळी लावून दोघं बसली. वाडीतून वारा आला. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. डास बाहेरच्या बाजूला जाळीवर बसून राहिले, एकही आत आला नाही. तिला वाटलं, प्रथमेश म्हणाला ते काही खोटं नाही. असंही जगतातच की माणसं. आणि लगेच तिला स्वतःचीच शिसारी आली, इतक्या लवकर बरं वाटल्याची.

सोमवारी ती पहाटेपासून कामाला लागली. त्यांना अंघोळ घातली, भाकरी आणि सुकटीची चटणी कुस्करून भरवली, पाण्याच्या दोन बाटल्या खुर्चीपाशी ठेवल्या, गॅसचं बटण खालून बंद केलं, सुरी, कात्री, काडेपेटी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. खुर्ची दारासमोर अशी मांडली की, बसल्या बसल्या रस्ता दिसेल, एसटीचा आवाज आला की वळणावरची गाडीही दिसेल. विनिताला सांगून ठेवलं, येता-जाता नजर टाक. दहाला वीस मिनिटं कमी असताना ती बाहेर पडली, जाळीचं दार ओढून घेतलं आणि कडी सरकवली. बोटाने सरकली. आत धर्माजी उभे राहिले होते. जाळीतून त्यांचा चेहरा बारीक बारीक चौकोनांचा झाला होता.

"येते हं मी," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "सावकाश जा," म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा. ती ऑफिसला निघाली की रोज म्हणायचे तसा. आपल्याला ओळखून म्हणाले की नुसतं ओठांवर आलं, हे बघायला तिने परत चेहऱ्याकडे पाहिलं, पण चौकोनांतून काही कळेना. ती पायऱ्या उतरली. आठ-दहा पावलं गेली असेल, तेवढ्यात मागे लाकडी दार मिटल्याचा आवाज झाला. आणि मग, त्या दाराची आतली खिटी पडल्याचा.

ती जागच्या जागी थांबली. मग परत फिरली, धावली. जाळीची कडी काढली, आत हात घालून लाकडी दार ढकललं. हललं नाही. खिटीचा विचारच कुणी केला नव्हता. तिने नाही, प्रथमेशने नाही, तीन ठिकाणी माप घेणाऱ्या विपुलने नाही.

"अहो! दार उघडा. अहो!"

आत पावलं वाजली. दाराच्या अगदी जवळ येऊन थांबली.

"कोन हाय?"

"मी आहे. उघडा आधी."

"मी म्हंजे कोन?"

"मी केसर."

तिने कपाळ लाकडाला टेकलं. लाकूड उन्हाने तापलं होतं. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, इतका जवळ की मधे दार नसतं तर मानेवर लागला असता. मग ते बोलले, आदबीने, पण ठाम, गाडी सुटायला आल्यावर उतारूंशी बोलायचे तसं.

"केसर हापिसात गेली, बाई. आत्ताच गेली. घरात दुसरं कोन न्हाय. तिच्या माघारी मी दार न्हाय उघडत कुनाला."

दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून हे नाव आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, पुसून गेलं. गेलं नव्हतं. आत, त्या बंद खोलीत, त्यांची केसर शाबूत होती. रोज सकाळी निघणारी, घर यांच्या भरवशावर टाकून जाणारी. आणि तिचं घर ते राखत होते. तिथे फक्त दाराबाहेरच्या हिला जागा नव्हती.

"मला आत येऊ द्या," ती हळूच म्हणाली. तिला स्वतःलाच ते एखाद्या फेरीवालीने म्हटल्यासारखं ऐकू आलं.

"संद्याकाळी या. सा वाजता येती ती." मग माणुसकीने त्यांनी विचारलं, "काय निरोप हाय का? सांगतो तिला."

वरच्या गॅलरीत विनिता येऊन उभी राहिली होती. सुतार बोलवावा लागेल, किंवा संध्याकाळी तिलाच या दाराशी येऊन, मी आले म्हणून सांगावं लागेल, आणि तेव्हा त्यांना ते पटेल की नाही कोण जाणे. निरोप काय द्यावा याचा केसरने खरंच विचार केला. ओठ लाकडापाशी नेले.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

"बरं," आतून आवाज आला. खुर्ची फरशीवरून सरकली आणि दाराला टेकली. ते बसले.

केसरने पदराने तोंड पुसलं. मग जाळीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली, आणि ती ऑफिसला गेली.